हिंडलग्याचा तुरुंग : आत गेलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो

आमच्या जांबोटी भागात कुणी आत गेला की ‘हिंडलग्याला गेला’ म्हणतात, आणि गुन्हेगार धरूनच चालतात. १९२३ साली सुरू झालेल्या या तुरुंगाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीत आले, तेव्हा सावरकरांना पकडून इथं ठेवलं. खटला नाही, शिक्षा नाही. त्याच वर्षीच्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली ते ‘स्थानबद्ध’ होते. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, म्हणून दाद मुंबई उच्च न्यायालयात मागितली गेली. राजकारणापासून दूर राहण्याच्या हमीवर जुलैत सुटका झाली.

१९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. तुरुंग तोच राहिला, वरचं कोर्ट बदललं. आज उच्च न्यायालयासाठी धारवाड गाठावं लागतं.

मी पेशानं इंजिनियर. नकाशा उघडला की आधी खुणा बघायच्या, ही सवय. इथल्या खुणा तीन : पक्का कैदी म्हणजे शिक्षा झालेला, कच्चा म्हणजे निकाल न लागलेला, त्याला जामीन मागता येतो, स्थानबद्ध म्हणजे खटल्याविना अडकवलेला, त्याला कारणं कळवावी लागतात.

तेव्हा मंडळी, ‘हिंडलग्याला गेला’ ऐकलंत की आधी विचारा, यातला कोणता?