वाहनचालक-परवाना, आंतरराज्यीय मान्यता
एका राज्याने दिलेला मोटार चालविण्याचा परवाना आणि त्याच्या निलंबनाचा आदेश दुसऱ्या राज्याने मान्य करण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परवाने देण्याचा अधिकार घटक राज्यांकडे आहे. मॅसॅचूसेट्स व मिसूरी या राज्यांनी १९०३ मध्ये परवाना प्रथम आवश्यक केला. पुढे राज्ये परस्परांचे परवाने मानू लागली; परंतु निलंबनाची वार्ता सीमेपलीकडे सहसा पोहोचत नसे. त्यामुळे एका राज्यात परवाना गमावलेला चालक दुसऱ्या राज्यात नवा मिळवू शके.

यावर उपाय म्हणून काँग्रेसने १९५८ मध्ये राज्यांना वाहतूक-सुरक्षेसंबंधी आपसांत करार करण्यास संमती दिली. १९६० मध्ये राष्ट्रीय चालक नोंदवहीची तरतूद झाली. १९६१ मध्ये नेव्हाडाने ‘चालक परवाना करार’ प्रथम स्वीकारला. ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्याचे सूत्र होय. त्यानुसार परराज्यातील दोषसिद्धी चालकाच्या मूळ राज्यास कळविली जाते. मद्यप्राशन करून वाहन चालविण्यासारखे गंभीर अपराध मूळ राज्यातच घडले असे मानण्यात येते. काही राज्ये मात्र या करारात सामील झाली नाहीत. व्यापारी वाहनांच्या चालकास एकच परवाना बाळगण्याचे बंधन १९८६ च्या संघीय कायद्याने घातले.

जून २०१९ मध्ये न्यू हॅम्पशरमधील अपघातात सात मोटारसायकलस्वार मृत्युमुखी पडले. ट्रकचालकाच्या कनेक्टिकटमधील अटकेची सूचना मॅसॅचूसेट्सला मिळूनही परवाना निलंबित झाला नव्हता. फौजदारी खटल्यात चालक २०२२ मध्ये निर्दोष ठरला. तथापि परराज्यांच्या हजारो सूचना कार्यवाहीविना पडून असल्याचे चौकशीत आढळले. परस्परमान्यता कायद्याने प्रस्थापित होते. तिची परिणामकारकता मात्र अशा नोंदींवरील तत्पर कार्यवाहीवर अवलंबून असते.