सूर्यास्तापूर्वीचा हिस्सा

नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून राहिलेल्या माणसाच्या ट्रंकेत कागदांचे एक पुडके हमखास असते. आजोबांच्या वेळची वाटणीची याद, फेरफाराची नक्कल, साऱ्याची एखादी जुनी पावती आणि गावी राहिलेल्या चुलतभावाचे पत्र : ‘यंदाचा सारा भरला आहे, काळजी नसावी.’ या एका वाक्यावर विसंबून आपण वर्षानुवर्षे निर्धास्त असतो. सारा एकाने भरावयाचा आणि मालकी सर्वांची राहावयाची, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु भरणाऱ्याने हात आखडता घेतला तर दूरच्या हिस्सेदाराचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर बंगालच्या इतिहासाकडे वळावे लागते.

लॉर्ड कॉर्नवॉलिसने २२ मार्च १७९३ रोजी कायमधाऱ्याची घोषणा केली. जमीनदाराने सरकारात भरावयाची रक्कम कायमची ठरली; ती पुढे वाढावयाची नव्हती. पण वाढीबरोबर सवलतीचेही दार बंद झाले. अवर्षण असो वा पूर, ठरल्या दिवशी हप्ता पोचला पाहिजे. न पोचल्यास इस्टेटीचा लिलाव. शेवटच्या दिवशी सूर्य मावळल्यानंतर आणलेला पैसा लिलाव थांबवू शकत नसे, म्हणून लोकांनी याला ‘सूर्यास्ताचा कायदा’ हे नाव दिले. राजशाही, दिनाजपूर, नदिया, विष्णुपूर येथील जुन्या घराण्यांच्या जमीनदाऱ्या थोड्याच वर्षांत लिलावांखाली मोडल्या. बर्दवानच्या राजाने मात्र आपल्या मुलखाचे भाग कायमच्या पट्ट्याने ‘पत्तनीदारां’स देऊन घर सावरले, पत्तनीदाराने पैसे थकविले तर त्याच्याही पट्ट्याचा लिलाव होई. या पद्धतीला १८१९ च्या ८ व्या रेग्युलेशनने कायद्याचे रूप दिले.

राजेरजवाड्यांची ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. भावाभावांची कथा सहसा कोणी सांगत नाही. बंगालात दायभागाप्रमाणे बापामागे प्रत्येक मुलाचा हिस्सा निश्चित होई. दोन आणे, चार आणे, सहा आणे असे हे हिस्से बोलले जात. परंतु कलेक्टरच्या तौजीत इस्टेट एकच आणि तिचा साराही एकच. रीतसर बटवारा होऊन सारा विभागला जाईपर्यंत संपूर्ण इस्टेट संपूर्ण रकमेला बांधलेली. चौदा आण्यांच्या मालकांनी वेळेवर पैसे भरले आणि दोन आणेवाल्याने हात वर केले, तर लिलाव पुकारला जाई तो सोळा आण्यांचा!

यातच कपटाला वाव होता. साऱ्याच्या थकबाकीसाठी सबंध इस्टेट विकली गेली की घेणाऱ्यास मिळणारा हक्क वारसाच्या हक्काहूनही बळकट असे. कायमधाऱ्यानंतर त्या जमिनीवर निर्माण झालेले बहुतेक बोजे, काही ठरावीक अपवाद वगळता, तो झुगारून देऊ शके. मग एखादा हिस्सेदार मुद्दाम हप्ता चुकवी आणि लिलावात दुसऱ्याच्या नावे तीच इस्टेट विकत घेई. वाटणीत जे मिळाले नाही ते बेनामी खरेदीने मिळवावयाचे, असा हा डाव.

१८५९ च्या ११ व्या कायद्याने या डावाला काही अंशी पायबंद घातला. इस्टेटीच्या हिस्सेदारानेच ती स्वतःच्या किंवा परक्याच्या नावे घेतली, तर ५३ व्या कलमान्वये ती जुन्या बोज्यांसकटच त्याच्याकडे येई. मात्र ३६ व्या कलमाने दुसरे दारही बंद केले. विक्रीच्या दाखल्यावर ज्याचे नाव आहे तो खरा खरेदीदार नव्हे, एवढ्याच सबबीवर त्यास हुसकावण्याचा दावा चालत नसे. एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घ्यावे, तसे हे झाले.

खरा दिलासा होता तो स्वतंत्र खात्याच्या तरतुदीत. हिस्सेदाराने कलेक्टरकडे अर्ज करावा; जाहिरात लागून सहा आठवड्यांत नोंदलेल्या दुसऱ्या हिस्सेदाराची हरकत आली नाही, तर त्याच्या वाट्याच्या साऱ्याचे खाते वेगळे उघडले जाई. पुढे लिलावाची वेळ आली तर प्रथम थकविणाऱ्याचाच हिस्सा विक्रीस निघे, आणि तो घेणाऱ्यास पूर्वीच्या मालकापेक्षा अधिक हक्क मिळत नसे. त्या हिस्स्याची बोली थकबाकीइतकी झाली नाही, तर इतर नोंदलेल्या हिस्सेदारांना सगळी बाकी भरून तो हिस्सा घेण्यास दहा दिवसांची मुदत असे. ती टळली की पुन्हा सबंध इस्टेट धोक्यात!

या साऱ्या तरतुदींत ‘नोंदलेला’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. ज्याचे नाव दप्तरात नाही, जो दूर देशी राहून भावाच्या शब्दावर निर्धास्त आहे, त्याच्यासाठी या संरक्षणाचा मोठा भाग नुसता कागदावरच राही. पुढे १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या ९० व्या कलमात नीतीचे एक तत्त्व नमूद झाले : सहमालकाने आपल्या स्थानाचा फायदा घेऊन इतरांच्या हक्कांविरुद्ध काही लाभ मिळविला, तर तो त्याने सर्वांसाठीच धारण केला पाहिजे. तत्त्व उत्तम आहे. पण ते न्यायालयात सिद्ध करण्याचे ओझे फसविल्या गेलेल्याच्याच खांद्यावर पडते.

आपल्याकडील जुनी रीत निराळी होती. पेशवाईतला मिरासदार परागंदा झाला तर त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणवली जाई. परंतु दीर्घ काळानंतरही परतून तो आपली मिरास मागू शके. तोवर साऱ्याचा भार मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या जथ्यावर पडे. ब्रिटिश अमलात इंदापूर तालुक्यापासून १८३५ मध्ये सुरू झालेल्या पाहणीने जमिनीचे नंबर पाडले आणि खातेदार सरकारपुढे उभा केला. मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने एक शहाणपण दाखविले : खातेदाराने सारा थकविला तर जमीन जप्तीतून वाचविण्यासाठी सहहिस्सेदाराला, इतकेच काय कुळालाही, तो भरण्याची मुभा ८० व्या कलमात ठेवली.

पश्चिम बंगालमधील जमीनदाऱ्या १९५३ च्या कायद्याने सरकारजमा झाल्या आणि तौजीतल्या त्या सोळा आण्यांचा हिशेब संपला. आपल्या ट्रंकेतल्या पुडक्याचा मात्र संपलेला नाही. चुलतभाऊ सज्जनच असेल. बंगालातले पुष्कळ भाऊही सज्जनच होते. तथापि पुढच्या रजेत गावी गेल्यावर देवदर्शनाइतक्याच निष्ठेने तलाठ्याकडे जावे, सातबारावर आपले नाव आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि वाट्याचा सारा आपल्या नावे भरून त्याची पावती घ्यावी. त्यात भावाविषयी अविश्वास नाही. उद्या त्याची आणि आपली मुले एकमेकांसमोर उभी राहतील, तेव्हा त्यांच्या हाती तो कागद असावा, इतकेच.