ब्रह्मदेशाचे दार

मंडालेची ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात तेथील तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी तेथेच लिहिले. आज ही इच्छा मनात आली की पाठोपाठ व्हिसाचा प्रश्न येतो. या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो आपल्यासारख्या, पूर्वजांनी दूर जाऊन वसवलेल्या घराण्यांनी समजून घेण्यासारखा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की आज पर्यटक जो अर्ज भरतो तो मुळात पर्यटकासाठी निर्माण झालाच नव्हता. वस्तीला येणाऱ्या हिंदी माणसास रोखण्यासाठी तो निर्माण झाला.

१८८५ च्या युद्धात इंग्रजांनी थिबा राजाचे राज्य घेतले आणि जानेवारी १८८६ पासून सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या साम्राज्यात सामील झाला. त्यानंतर अर्धशतकभर तो हिंदुस्थानचा एक प्रांत होता. कलकत्ता किंवा मद्रास येथून आगबोटीत बसावे आणि रंगूनच्या धक्क्यावर उतरावे. पासपोर्ट नको, परवाना नको. कारकून, सैनिक, रेल्वेचे नोकर, हमाल, सावकार असे नाना प्रकारचे लोक गेले. १९३१ च्या जनगणनेत रंगून शहराची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी भरली.

हे दार उघडे होते खरे, पण ते ब्रह्मी लोकांनी उघडलेले नव्हते. ही गोष्ट आपण सहसा विसरतो. भाताचे भाव १९३० च्या सुमारास कोसळले तेव्हा शेतकऱ्यांच्या गहाण जमिनी सावकारांच्या हाती गेल्या आणि दक्षिण ब्रह्मदेशातील मुख्य भातजिल्ह्यांत जवळपास चतुर्थांश जमीन चेट्टियार पेढ्यांच्या मालकीची झाली. गोदीवरच्या मजुरीवरून १९३० साली रंगुनात दंगल उसळली. १९३८ साली तिची पुनरावृत्ती झाली. या तक्रारींत अन्याय होता तसे तथ्यही होते.

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. काल जो दुसऱ्या प्रांतातला होता, तो आज दुसऱ्या देशातला ठरला. स्थलांतराच्या चौकशीसाठी बॅक्स्टर यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या अहवालानंतर १९४१ साली दोन्ही सरकारांत करार झाला. पासपोर्ट व व्हिसा किंवा प्रवेशाचा परवाना यांवाचून हिंदी माणसाने यापुढे येऊ नये, असे त्यात ठरले. परवानेही दोन प्रतींचे होते, एक बेमुदत राहण्याचा आणि दुसरा ठरावीक मुदतीचा. गांधीजींनी या करारावर कडक टीका केली. परंतु तो नीट अमलात येण्यापूर्वीच डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बाँब पडले. चार-पाच लाख हिंदी लोक मिळेल त्या वाटेने, बहुतेक पायीच, आराकान व मणिपूरच्या डोंगरांतून परत निघाले. हजारो वाटेतच मेले.

युद्ध संपल्यावर लोक परत जाऊ लागले, तेव्हा १९४७ साली ब्रह्मदेशाने तातडीचा स्थलांतर कायदा केला. वैध व्हिसा किंवा परवाना नसलेल्या परकीयास प्रवेश नाही, हे त्याचे सार. पुढील सर्व पर्यटन-व्हिसांचा पाया हाच कायदा होय.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि या कायद्याची दोन्ही टोके एकदम दिसू लागली. एकीकडे दुकाने व पेढ्या सरकारजमा झाल्या आणि १९६४ पासून पुढील काही वर्षांत सुमारे तीन लाख हिंदी लोकांना बहुतेक रिकाम्या हातांनी देश सोडावा लागला. दुसरीकडे परदेशी पाहुण्यास केवळ चोवीस तासांचा व्हिसा मिळू लागला. पुढे १९७० च्या सुमारास ही मुदत सात दिवसांची झाली. त्या सात दिवसांत रंगून, मंडाले, पगानची देवळे आणि इनले सरोवर असा फेरा लोक धावतपळत पुरा करीत. येताना व्हिस्कीची बाटली आणि सिगारेटचे खोके आणून विकले की बराचसा खर्च निघतो, ही युक्ती जगभरच्या प्रवाशांना पाठ होती.

१९८८ च्या उठावानंतर दार काही काळ बंद झाले. पुढे लष्करी राजवटीला परकीय चलनाची गरज भासली आणि १९९६ हे पर्यटन-वर्ष म्हणून साजरे करून अठ्ठावीस दिवसांचा व्हिसा देण्यात आला. मात्र स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशाला विमानतळावरच तीनशे, पुढे दोनशे डॉलर सरकारी विनिमयपत्रांत बदलावे लागत. ही सक्ती २००३ साली उठली. याच काळात आंग सान सू ची यांनी पर्यटकांना ‘येऊ नका’ असे आवाहन केले होते. सरकार ‘या’ म्हणत होते आणि लोकांची नेता ‘नको’ म्हणत होती. व्हिसा हातात असला तरी जावे की नाही, हा प्रश्न प्रवाशाच्या सदसद्विवेकावर सोडलेला होता.

२०१४ मध्ये संगणकावरून व्हिसा मिळू लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये मणिपूर व मिझोरमच्या सीमेवरील दोन नाकी रीतसर खुली झाली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना रंगून, मंडाले व नेप्यिडॉ येथे विमानातून उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय झाली. दार बरेच सुलभ झाले होते. ते फार टिकले नाही. २०२० मध्ये महामारी आली आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. मे २०२२ पासून पर्यटन-व्हिसा पुन्हा मिळू लागला, पण देश यादवीत होरपळत होता. मार्च २०२५ च्या भूकंपात मंडालेच्या किल्ल्याच्या तटाचीही पडझड झाली. मुळात हा किल्ला लष्कराच्या ताब्यातला. पर्यटकांचा ओघ होता त्या वर्षांतही परकीयास पूर्वेच्या दरवाजाने आत घेत, राजवाडा दाखवीत आणि बाकीच्या आवारात फिरू देत नसत. तेव्हा कागद मिळाला म्हणजे लोकमान्यांच्या स्मृतीपर्यंत पोहोचलो, असे होत नाही.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ज्या मंडालेत लोकमान्यांना नेऊन ठेवले, त्याच मंडालेहून थिबा राजास १८८५ साली काढले आणि पुढे रत्नागिरीस ठेवले. १९१६ साली तो तेथेच वारला. कुटुंब १९१९ मध्ये मायदेशी गेले, पण थोरली राजकन्या रत्नागिरीस परतली आणि तिचा वंश मराठी बोलत कोकणच्या मातीत मिसळून गेला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेऊन गेले.

व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो, परत कधी जाणार? आपले पूर्वज इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास गेले तेव्हा त्यांना तो कोणी विचारला नाही. रंगूनला गेलेल्यांनाही आधी विचारला नव्हता. नंतर विचारला, तेव्हा तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांपाशी त्याचे उत्तर नव्हते. आम्हांस वाटते, मंडालेच्या यात्रेचा अर्ज भरताना मराठी प्रवाशाने त्यांचेही स्मरण ठेवावे.