सूक्ष्मतरंग उपकरणांतील गोंगाट : कला व परमप्रसर मापन

सूक्ष्मतरंग आंदोलक, विवर्धक, मिक्सर यांतून बाहेर पडणाऱ्या वाहक तरंगाची कला (फेज) व परमप्रसर (अ‍ॅम्प्लिट्यूड) यांतील यादृच्छिक चढउतार मोजण्याच्या पद्धती. डॉप्लर रडारमध्ये जमिनीवरून परतलेल्या प्रबळ संकेताचा कला गोंगाट सावकाश सरकणाऱ्या लक्ष्याचा क्षीण संकेत झाकून टाकतो. त्यामुळे रडार अभियंत्यांना हे मापन टाळता येत नाही.

राशी : वाहकापासून ठरावीक अंतरावर (उदा., 10 किलोहर्ट्झ) 1 हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातील गोंगाट वाहकाच्या तुलनेने डेसिबेलमध्ये देतात. पूर्वी एका बाजूच्या पट्ट्यातील शक्तीचे वाहकशक्तीशी गुणोत्तर घेत. आयईईई 1139 या मानकात कला-चढउतारांच्या वर्णपटीय घनतेची निमपट घेतात. चढउतार 1 रेडियनपेक्षा बरेच लहान असतील तोवर दोन्ही आकडे जुळतात. वाहकाच्या अगदी लगतचे, जुन्या माहितीपत्रकांतले आकडे मात्र जपून वाचावेत.

खोलीच्या तापमानाला औष्णिक गोंगाट दर हर्ट्झला −174 डीबीएम असतो. निम्मा कलेच्या, निम्मा परमप्रसराच्या वाट्याला जातो. म्हणून 10 डीबीएम वाहकासाठी कला गोंगाटाचा तळ −187 डेसिबेल. कंप्रता 100 पट वाढवली, की कला गोंगाट किमान 40 डेसिबेलने वाढतो. आंदोलकातील गोंगाटाचे सूत्र डी. बी. लीसन यांनी 1966 मध्ये मांडले.

सेतु पद्धत : विवर्धकाने स्वतः घातलेली भर मोजायची असेल, तर एकाच स्रोताचा संकेत दोन भुजांत विभागतात. एका भुजेत विवर्धक, दुसरीत फेज शिफ्टर; दोन्ही भुजांचे संकेत शेवटी मिक्सरला देतात. शिफ्टर फिरवत मिक्सरवरचे एकदिश व्होल्टेज शून्यावर आणले, की दोन्ही संकेतांत 90 अंशांचा फरक पडतो व मिक्सर फक्त कलेला प्रतिसाद देऊ लागतो. स्रोताचा गोंगाट दोन्ही भुजांत सारखाच असल्याने वजा होतो. व्यवहारात केबलला बोट लागले तरी आलेख उसळतो. 50 हर्ट्झ व त्याच्या पटींवर सुळके उभे राहतात, म्हणून विवर्धकाला बॅटरीवर चालवणे बरे. एका भुजेत मुद्दाम विलंब घातला, तर स्रोताचा गोंगाट वजा होत नाही, आणि दुसरा आंदोलक न घेता पहिल्याचे मापन होते. मात्र 1 मायक्रोसेकंद विलंबाला 1 मेगाहर्ट्झ अंतरावर मांडणी आंधळी असते.

मिक्सरचा स्वतःचा फ्लिकर गोंगाट (वाहकाजवळ जावे तसा वाढणारा) ही खरी अडचण. के. एच. सॅन यांच्या 1968 मधील मांडणीत वाहक आधीच दाबून उरलेला गोंगाट वाढवतात. पुढच्या विवर्धकाला वाहक जवळपास दिसतच नसल्याने त्याचा फ्लिकर वर चढत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात इव्हानोव्ह व टोबार यांनी, तर फ्रान्समध्ये बझांसाँ येथे रुबिओला व जॉर्दानो यांनी ही पद्धत पुढे नेली. संदर्भ संकेताची कला 90 अंशांनी बदलली, की तोच सेतू कलेऐवजी परमप्रसर मोजतो.

विवर्धकांच्या साखळीत औष्णिक गोंगाट बहुतांशी पहिल्या टप्प्यावर ठरतो. फ्लिकरमध्ये मात्र प्रत्येक टप्पा आपली भर घालतो, मग तो कुठेही असो. या बाबतीत सिलिकॉन-जर्मेनियम एचबीटी ट्रान्झिस्टर हे गॅलियम आर्सेनाइड फेट ट्रान्झिस्टरपेक्षा सामान्यतः सरस ठरतात.

सहसंबंध पद्धत : दोन स्वतंत्र मापनवाहिन्यांच्या निर्गमांचा सहवर्णपट काढून सरासरी घेतात. दर 10 पट सरासरीला उपकरणाचा गोंगाट 5 डेसिबेलने खाली जातो. मात्र संकेत विभागणाऱ्या स्प्लिटरचा औष्णिक गोंगाट दोन वाहिन्यांत विरुद्ध चिन्हाने शिरतो व तळाजवळचे आकडे खऱ्यापेक्षा चांगले दिसू शकतात. दुरुस्ती कशी करावी याबाबत एकमत नाही.

परमप्रसर गोंगाट : डायोड शोधकाने मोजतात, शोधकाचा स्वतःचा गोंगाट वेगळा काढण्यासाठी दोन शोधक व सहसंबंध लागतो.