दुपारी सव्वादोन ते रात्री नऊ

सिंदी (रेल्वे)त कुणाच्या मांडीचं हाड मोडलं की घरचे गाडी करतात आणि सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठतात. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतहून एक जखमी तरुण असाच पुण्याला नेला गेला. पुढचे तास सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेले आहेत.

६ मे, सूर्यास्त. पालशेतच्या वाळूत वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेलं.

रात्री साडेआठच्या सुमारास. डॉक्टर आले. पाय हलू नये म्हणून त्यांनी लाकडी फळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी तब्येत ठीक होती, तरी पुण्याला न्या म्हणाले.

९ मे. टॅक्सीने सुमारे २०० मैल कापून पुणे. पहिल्या रुग्णालयात दिसलं, की हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत; पिन घालून ताण द्यावा लागेल.

दुपारी २.१५. दुसऱ्या रुग्णालयात भरती. सर्जननी मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितली. सहायकाने एकच दिलं. मग एक्स-रे आणि वरच्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर. आत तासाहून थोडा अधिक वेळ गेला. पुराव्यावरून न्यायालयाला पटलं ते असं: भूल न देता, तिघांना हाताशी धरून पाय जोराने ओढला आणि प्लास्टर घातलं.

५.३०. पोराला खोलीत आणलं. सातपर्यंत गुंगी उतरेल, असं वडिलांना सांगितलं. वडील स्वतः डॉक्टर. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून ते दौंडला निघाले. आई पोराजवळ थांबली.

६.३०. त्याला श्वास घेता येईना, खोकला लागला. आईच्या लक्षात आलं. धावपळ सुरू झाली.

९.००. मुलगा गेला.

दाखल्यावर कारण लिहिलं: फॅट एम्बोलिझम, म्हणजे रक्तवाहिनीत चरबी अडकणं. न्यायालयाने ते मानलं नाही. भुलीवाचून पाय ओढल्याने बसलेल्या धक्क्यामुळे मृत्यू झाला, असा निष्कर्ष कायम राहिला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या खटल्याचा अंतिम निकाल २ मे १९६७ रोजी लागला. १४ वर्षं गेली. भरपाई ३,००० रुपये.

पैशांनी त्या आईचं काही भरून आलं नसेल. पण डॉक्टरची तीन कर्तव्यं तिथे ठळक झाली: रुग्ण हाती घ्यावा का हे ठरवताना, उपचार निवडताना आणि ते करताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी घेणं.

प्रत्येक मृत्यू हलगर्जीपणाचा नसतो. संशय मात्र कागदाशिवाय सिद्ध होत नाही. म्हणून रुग्णाजवळ बसाल तेव्हा वेळा लिहून ठेवा: कोणतं इंजेक्शन, कधी, कोणी दिलं. केसपेपरची प्रत लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा वैद्यक परिषदेचा २००२चा नियम आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. दुःखात ती निसटू देऊ नका.