आग गुन्हा कशी ठरली, आणि ती रानात परत कशी आली? (थ्रेड)

१/८ एप्रिल १८५०. कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संघराज्यात अद्याप सामील झाले नव्हते. तरीही तेथील विधिमंडळाने 'इंडियनांचे शासन व संरक्षण' या नावाचा कायदा संमत केला. त्याच्या दहाव्या कलमाने गवताळ रानाला आग लावणे दंडनीय ठरविले.

२/८ हे कलम कोणाच्या जीवनावर आघात करीत होते? क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातील कारुक व युरोक लोक पिढ्यानपिढ्या ठरावीक हंगामात रान जाळीत. जळलेल्या हेझेलला सरळ, लवचीक फुटवे येत. त्यांच्या टोपल्या विणल्या जात. ओकची राने मोकळी राहत, हरणांना कोवळा चारा मिळे. कोकणात राब भाजणाऱ्याला वाऱ्याची जशी पारख असते, तशीच ही विद्या.

३/८ येथे एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस (१८६४) यांचे मार्गदर्शन गिफर्ड पिंचो यांना लाभले होते. हेच पिंचो १९०५ मध्ये अमेरिकी वनसेवेचे पहिले प्रमुख झाले. दोन्ही देशांच्या सरकारी वनशास्त्रात जंगल म्हणजे इमारती लाकूड आणि आग म्हणजे शत्रू, हे समीकरण रुजले.

४/८ ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. ८० हून अधिक माणसे दगावली. त्या धसक्यातून धोरण कठोर होत गेले. १९३५ चा नियम असा : आगीची वर्दी मिळताच दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे.

५/८ परिणाम उलटा झाला. लहान आगी थांबल्या. पालापाचोळा, वाळकी लाकडे व दाट झुडपे साचत गेली. मग पेटलेली आग थेट शेंड्यांवर चढू लागली.

६/८ महाकाय सिक्वोयाचे बी शंकूंतून मोकळे होण्यास आगीची उष्णता आणि रुजण्यास उघडी माती लागते, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने धोरण बदलले. विजेने लागलेल्या काही आगी देखरेखीखाली जळू देण्यास आरंभ झाला. १९७८ मध्ये वनसेवेनेही '१० वाजता'चा नियम सोडला.

७/८ परंतु आग सरहद्द ओळखत नाही. एकाच डोंगरउतारावर सरकारी वन, जमातीची भूमी आणि खासगी घरे असतात. म्हणून पश्चिम क्लॅमथमध्ये कारुक जमात, वनसेवा व स्थानिक संस्था २०१३ च्या सुमारास एका भागीदारीत आल्या. त्यांची योजना अशी : वस्तीभोवतीचे रान आधी नियंत्रितपणे जाळायचे, म्हणजे दूरच्या डोंगरातील नैसर्गिक आग निर्धास्तपणे जळू देता येईल.

८/८ विलंबाची किंमत मोठी होती. सप्टेंबर २०२० मध्ये कारुकांचे मुख्य ठाणे असलेल्या हॅपी कॅम्प गावातील बरीचशी घरे वणव्यात राख झाली. २०२४ मध्ये राज्याने कायदा करून जमातींना करारान्वये पारंपरिक जाळणी करण्याची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये असा पहिला करार कारुकांनी केला. दहाव्या कलमापासून या करारापर्यंत १७५ वर्षे गेली.

(समाप्त)