पांगुळगाड्याचे तिसरे चाक

मराठीतले काही शब्द कानावर पडताच माळ्यावर पडून असलेली एखादी जुनी वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘पांगुळगाडा’ हा त्यांतलाच एक शब्द. पांगुळ म्हणजे ज्याला चालता येत नाही तो. पहाटे दान मागत फिरणाऱ्या पांगुळावर आपल्या संतांनी रूपके रचली आहेत. पांगुळगाड्यातला पांगुळ मात्र निराळा. तो वर्षाच्या आतबाहेरचा, भिंतीला धरून उभा राहणारा, आज ना उद्या घरभर धावणारच आहे असा! तोपर्यंत त्याच्या हाताला काही आधार असावा म्हणून सुताराने करून दिलेला हा तीन चाकांचा गाडा. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली; त्या कोशातही या शब्दाला जागा मिळाली आहे.

ही वस्तू म्हटली तर अगदी साधी. खाली त्रिकोणी चौकट, पुढे एक लहान चाक, मागे दोन चाके आणि मधून उभी राहिलेली, मुलाच्या छातीपर्यंत येणारी मूठ. मूल मूठ धरते, पाऊल टाकते, गाडा पुढे सरकतो. चाकाबरोबर टकटक वाजणारी एखादी लाकडी पट्टी असली तर पोराला आणखी हुरूप येतो. बस्स, एवढेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने साध्या वस्तूंनाच प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा, की चाके तीनच का? सुताराला चौथे चाक जड होते का?

याचे उत्तर आपल्या पायांखालीच आहे. आपली जुनी घरे मातीची, जमीन शेणाने सारवलेली. कुठे उंचवटा, कुठे पोपडा निघालेला. अशा जमिनीवर चार पायांचा पाट ठेवला की तो डुगडुगतो. तीन पायांची तिवई मात्र कुठेही ठेवा, तिचे तिन्ही पाय जमिनीला टेकतात. भूमितीच्या पुस्तकात हेच लिहिलेले असते, की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच पातळी जाते. सुताराने ते पुस्तक वाचले नव्हते. पण चुलीचे दगड तीनच का असतात, हे त्याला ठाऊक होते.

अर्थात तीन चाकांत एक उणेही आहे. तीनचाकी गाडा चारचाकीपेक्षा कुशीवर लवकर कलंडतो. म्हणून जाणता सुतार मागचा आख रुंद ठेवी. हे ध्यानात असू द्या, पुढे निवडीच्या वेळी ते कामास येणार आहे.

मूल आणि चाक यांची गट्टी फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून एक ठिकाण आहे. तेथे १९७४ साली जमिनीतून काशाच्या चार मोठ्या वस्तू निघाल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि तो हाकणारा माणूस आहे. शिवाय हत्ती, गेंडा व रेडा आहेत. गेंडा आणि रेडा तर चाकांवर उभे आहेत. ही काही पोरांची खेळणी नव्हेत, सर्व मिळून त्यांचे वजन साठ किलोंवर भरते. परंतु बैल आणि चाक यांचे वेड या मातीत किती मुरलेले आहे, हे त्यांवरून दिसते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मुळी पोराच्या मातीच्या गाडीवरून पडले. चारुदत्ताचा रोहसेन मातीच्या गाडीला नाक मुरडून सोन्याच्या गाडीसाठी रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत घालते. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांचे लाकडी नंदी ओढीत पोरे घरोघर जातात. नागपूरकर भोसल्यांनी तो सुरू केला असे सांगतात.

आता थोडे परमुलखात जाऊन येऊ. मुलाला चालायला शिकविणारी चौकट ही काही एकट्या मराठी घरांची मिरास नव्हे. युरोपात पंधराव्या शतकातल्या एका सचित्र प्रार्थनापोथीत बाळ येशू चाकांच्या लाकडी चौकटीत उभा असलेला दाखविला आहे. शेजारी आई विणते आहे आणि योसेफ सुतारकाम करतो आहे. हिएरोनिमस बॉश नावाच्या चित्रकारानेही चालण्याची चौकट धरलेले एक बालक रंगविले आहे. म्हणजे प्रश्न सगळीकडे एकच होता, की आईचे हात कामात गुंतलेले, मग पोराला आधार कोणाचा?

पुढे मात्र युरोपातल्या श्रीमंत घरांनी वेगळी वाट धरली. मूल चालविण्याऐवजी ते बसवून न्यायचे. इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंट याने १७३३ च्या सुमारास शिंपल्याच्या घाटाची गाडी केली. ती बोकडाने किंवा लहानशा तट्टाने ओढावयाची. नंतर मागून ढकलण्याची गाडी आली. चार्ल्स बर्टन याने १८५३ साली इंग्लंडात अशा बाबागाडीचे पेटंट घेतले, आणि त्या काळच्या कित्येक बाबागाड्या तीन चाकांच्याच होत्या.

१८५३ हे साल बुलढाण्याच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, आणि त्याच साली निजामाशी तह होऊन वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. आपले धाड तेव्हापासून सीमेवरचे गाव झाले. इकडे इंग्रजी अंमलातले वऱ्हाड, तिकडे भोकरदनच्या बाजूला निजामाचा मुलूख. राज्ये बदलली, तरी बाबागाडी काही घाटावरच्या आपल्या वाटांवर आली नाही. काळ्या मातीचा चिखल, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि बाभळीचे काटे, तिथे ती चालणार तरी कशी? आमच्याकडे आईची कड, पाठीवरची झोळी आणि अंगणातला पांगुळगाडा हीच बाबागाडी.

येथे या दोन गाड्यांतला खरा भेद पाहा. बाबागाडीत मूल बसते आणि दुसरा ढकलतो. पांगुळगाड्यात मूल आपल्या पायांवर उभे असते आणि गाडा तेच ढकलते. पहिली गाडी मुलाला नेते, दुसरी मुलाबरोबर जाते. दोन्हींची आपापली जागा आहे. घोटाळा झाला तो तिसऱ्या वस्तूमुळे. गेल्या काही दशकांत बाजारात प्लास्टिकचे गोल ‘वॉकर’ आले. मध्ये कापडी बैठक, भोवती कडे, खाली पाचसात चाके. मूल त्यात अर्धवट लोंबकळते आणि पायाच्या बोटांनी जमीन रेटीत भर्रकन निघते. नाव चालण्याचे, पण वजन पायांवर कमी आणि बैठकीवर जास्त. सुधारणा म्हणून आपण ते हौसेने घरी आणले आणि पांगुळगाडा माळ्यावर टाकला.

डॉक्टर मंडळी काय सांगतात? या वॉकरने मूल लवकर चालू लागत नाही, उलट काही मुलांत उशीरच होतो. आणि धोका तर उघड आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे इजा होऊन सुमारे २ लाख ३० हजार तान्ह्या मुलांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणावे लागले. बहुतेक जिन्यावरून पडलेली. कॅनडाने २००४ साली या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या घरात जिना नसला तरी ओटा आहे, उंबरा आहे, चूल आहे, पाण्याचा हौद आहे. क्षणात हातभर पुढे सरकणारे मूल उकळत्या आधणापर्यंत पोचायला किती वेळ?

तेव्हा घरात नातवंड असेल आणि गाडा घ्यावयाचाच असेल, तर पांगुळगाडाच घ्या. तो सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगीत असो, की गावच्या सुताराने केलेला असो. निवडताना पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मागच्या दोन चाकांमधले अंतर. ते गाड्याच्या उंचीच्या मानाने चांगले ऐसपैस हवे. दुसरी, मूठ कोठे रोवली आहे. ती मागच्या आखाच्या थोडी पुढे हवी. मुठीवर हात ठेवून खाली व मागे दाबून पाहा; पुढचे चाक उचलले गेले, तर मूल आधाराला रेलताच गाडा त्याच्या अंगावर येईल. अशा गाड्याच्या पुढच्या फळीवर विटेचा तुकडा पक्का बांधावा. तिसरी, मुठीची उंची. मूल उभे राहिले की मूठ त्याच्या छातीशी यावी. ना वाकावे लागावे, ना हात वर ताणावे लागावेत. चौथी, चाकाची गती. मोठ्यांना वाटते की चाक भिंगरीसारखे फिरावे. तसे नव्हे! चाक थोडे अडून फिरले पाहिजे, म्हणजे गाडा मुलाच्या पावलापुढे पळत नाही. पाचवी गोष्ट रंगाची. मूल मूठ चाटणारच. जुन्या तेलरंगात शिसे असते आणि ते मुलाच्या बुद्धीला घातक असते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा घातली. पण त्याआधी रंगविलेला गाडा माळ्यावरून काढणार असाल, तर त्याचा पोपडे आलेला रंग घरात खरवडीत बसू नका, ती धूळही वाईटच. त्यापेक्षा बिनरंगाचा नवा गाडा करून घेणे बरे. कारखान्यातले खेळणे घ्याल, तर त्यावर आय.एस.आय. चिन्ह पाहा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे झाले आहे. नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

निगा म्हणाल तर बैलगाडीची घेता तीच. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आटते. म्हणून दोन्ही वेळा आखाची भोके आणि खिळी तपासाव्यात. ढिली खीळ म्हणजे निसटलेले चाक, आणि निसटलेली खीळ म्हणजे मुलाच्या तोंडात गेलेली खीळ. आखाला खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरेत. यंत्राचे काळे वंगण नको. कुसळ निघाले की काचकागदाने घासावे. गाडा ओलीत, उन्हात टाकू नये. आणि गाडा चालू असताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे, कारण गाडा आधार देतो, राखण करीत नाही.

आता कोणाच्या घरी पुण्यामुंबईहून किंवा परदेशातल्या लेकीकडून नव्या तऱ्हेची तीनचाकी बाबागाडी येते. पळता पळता ढकलण्याची ही गाडी अमेरिकेत १९८४ साली बाजारात आली, सायकलसारखी मोठी चाके लावून. खडबडीत वाटेवर ती छान चालते, तिवईचेच तत्त्व! पण हवेची चाके आणि बाभळीचा काटा यांचे जमत नाही. ठिगळ आणि पंप जवळ ठेवा. सायकलच्या दुकानात काम होते. वाट खडबडीत असली की पुढचे फिरते चाक सरळ करून अडकवून टाका. उतारावर गाडीचा पट्टा मनगटात असू द्या, थांबलात की ब्रेक लावा, आणि खांद्यावरून, कमरेवरून येणारे पट्टे नेहमी बांधा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बसवून ती पळवू नये. मान अजून पुरती सावरलेली नसते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. पांगुळगाडा हे औषध नव्हे. त्याच्यावाचूनही मुले चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली निघाले. आधारावाचून चालण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून जवळजवळ १८ महिन्यांपर्यंत कुठेही असू शकते, असे त्यांत दिसले. शेजारणीचे पोर दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या सुनेला बोल लावू नका. पण १८ महिने उलटूनही मूल पाऊल टाकीत नसेल, तर गाड्याची, नवसाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. एखाद्या लेकराच्या स्नायूंत किंवा मेंदूत काही दोष असला, तर लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो. गाड्याच्या भरवशावर घालविलेले सहा महिने काही परत येत नाहीत.

शिक्षक मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी एक काम. वर्गातल्या मुलांना घरी आजीला विचारायला सांगा: आपला पांगुळगाडा कोणी केला, कोणत्या लाकडाचा, सुताराला त्याबद्दल पैसे दिले की ज्वारी? कोणाकडे जुना गाडा निघाला तर तो शाळेत आणा, मोजा, त्याचे चित्र काढा. बलुत्याचा हिशेब, लाकडाची जात, तीन बिंदूंची भूमिती, सारे एका गाड्यात सापडेल. ज्या हातांनी हे गाडे केले, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. ती आजीच्या आठवणीत आहेत, आणि आजी आहे तोवरच आहेत. तेवढी लिहून ठेवा.